बलस्थानांच्या जोड्या कशा लावाव्यात

दादरच्या एका अभ्यासिकेत बँकेच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या सराव-मुलाखती मी गेली काही वर्षे घेते. ‘आपली बलस्थाने लिहा’ या रकान्यात जवळजवळ प्रत्येकाने मेहनती, प्रामाणिक, जिद्दी आणि संघभावनेने काम करणारा हे चार शब्द लिहिलेले असतात. त्या शब्दांवरून समोर बसलेला उमेदवार कोणता आणि बाहेर बाकावर थांबलेला कोणता, हे मला सांगता येत नाही. मुले खोटे लिहीत नाहीत. अडचण एवढीच आहे की गुण सुटा लिहिला की तो कोणाचाही होतो, आणि माणूस ओळखू येतो तो त्याचा एक गुण दुसऱ्या कोणत्या गुणाचे बोट धरून चालतो यावरून. जिद्दी माणसे पुष्कळ असतात. जिद्दी असूनही दुसऱ्याचे ऐकून घेणारी, किंवा वेळ आली की हट्ट सोडणारी माणसे थोडी असतात, आणि अवघड कामे बहुधा त्यांच्याच हातून पार पडतात.

हे मला फार उशिरा कळले. बँकेत नव्याने अधिकारी झाले तेव्हा माझे बलस्थान अचूकपणा होते. संध्याकाळी खाते जुळले नाही, काही पैशांचा फरक राहिला, तर तो शोधल्याशिवाय मी उठत नसे, आणि सापडल्यावर तो कोणाच्या व्हाउचरमुळे पडला हे सगळ्यांसमोर सांगत असे. सहा महिन्यांत शाखेतले लोक मला चुका दाखवेनासे झाले. म्हणजे ते चुकत होते, पण दडवत होते, आणि माझ्या अचूकपणामुळे फरक कमी होण्याऐवजी वाढत होते. आमचे हेड कॅशियर माझ्याइतकेच काटेकोर होते. पण ते चूक सापडली की संबंधिताच्या टेबलाशी जाऊन, खुर्ची ओढून बसून, हळू आवाजात ‘हे जरा एकदा बघता का’ असे म्हणत. त्यांच्याजवळ माझ्यापेक्षा एकच गोष्ट जास्त होती, आणि ती हिशेबातली नव्हती.

आधी शब्द नेमके करावेत

बलस्थान, कौशल्य आणि आवड हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एक्सेल येणे, गाडी चालवणे किंवा पुरणपोळी न फुटता लाटणे ही कौशल्ये आहेत. ती शिकता येतात आणि सराव सुटला तर विसरतातही. जुनी नाट्यगीते ऐकणे ही आवड आहे. बलस्थान म्हणजे वागण्याची अशी रीत, जी घरात, अभ्यासात आणि कामाच्या ठिकाणी, कोणी सांगितले नसतानाही, पुन्हा पुन्हा डोके वर काढते. लग्नघरात आहेराची यादी आपणहून लिहायला घेणारी, वर्गातल्या नोट्स विषयवार लावणारी आणि कार्यालयात फायलींना नवे अनुक्रमांक देणारी मुलगी एकच असेल, तर व्यवस्थितपणा हे तिचे बलस्थान आहे, मग तिला तसे कधी वाटले असो वा नसो.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली स्वभावातल्या २४ गुणांची मांडणी केली आणि शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्यायबुद्धी, संयम व उदात्ततेची ओढ अशा सहा गटांत ते गुण बसवले. त्यावर आधारलेली प्रश्नावली इंटरनेटवर विनामूल्य भरता येते आणि ती भरायला हरकत नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे तिची उत्तरे आपणच दिलेली असतात, त्यामुळे आपण स्वतःला कसे समजतो हेच तिच्यातून मुख्यतः कळते. दुसरे म्हणजे यादीत चोविसाव्या क्रमांकावर आलेला गुण हा दोष नसतो. इतर तेवीस गुणांपेक्षा तो आपण कमी वापरतो, इतकाच त्याचा अर्थ. एक मुलगा ‘विनोदबुद्धी शेवटी आली’ म्हणून खिन्न होऊन माझ्याकडे आला होता, आणि हे त्याने इतक्या मजेशीर रीतीने सांगितले की यादीवरचा माझा विश्वास तिथेच थोडा कमी झाला.

तीन आठवड्यांची वही

प्रश्नावलीपेक्षा मला वही अधिक भरवशाची वाटते. खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी लहान वही घ्यावी आणि तीन आठवडे रोज एका प्रसंगाची नोंद करावी. कल्याण-डोंबिवलीहून किंवा विरारहून येणाऱ्यांना यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर वहीत, आणि नाही मिळाली तर मोबाइलवर स्वतःलाच संदेश पाठवून हे काम होते. नोंद करताना विशेषणे टाळून क्रियापदे वापरावीत. ‘आज मी खूप संयम दाखवला’ या नोंदीतून पुढे काहीही निघत नाही. ‘ग्राहक ओरडत होता, मी उत्तर न देता त्याचा तक्रार-अर्ज पूर्ण वाचला, मग त्यातली तारीख चुकली आहे हे दाखवले, त्यावर तो शांत झाला’ या नोंदीत मात्र तीन गोष्टी दिसतात: गप्प राहता येणे, बारकाईने वाचणे आणि दाखवताना समोरच्याचा अपमान न करणे. त्या कोणत्या क्रमाने आल्या, हेही दिसते. क्रमाला महत्त्व आहे, कारण तारीख आधी दाखवली असती तर भांडण वाढले असते.

जिथे काम फसले, तो प्रसंगही त्याच वहीत लिहावा. फसलेल्या प्रसंगांत बहुधा गुणाचा अभाव नसतो. गुण असतो, पण एकटा असतो. माझ्या बँकेतल्या दिवसांची अशी वही असती, तर त्यात अचूकपणा पानोपानी सापडला असता.

वहीला दुसऱ्यांच्या नजरेची जोड द्यावी. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली माणसाच्या आत्मज्ञानाची कल्पना चार तावदानांच्या खिडकीसारखी मांडली, आणि दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिला ‘जोहारी खिडकी’ हे नाव पडले. तिच्यातले एक तावदान इतरांना दिसणाऱ्या पण आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींचे असते. त्यासाठी घरातल्या एकाला, कामाच्या किंवा वर्गातल्या एकाला आणि जुन्या ओळखीच्या एकाला विचारावे. ‘माझ्यात चांगले काय आहे?’ असा प्रश्न केला तर मराठी माणूस एकतर संकोचतो किंवा थट्टा करतो. त्याऐवजी ‘मी नसते तर कोणते काम अडले असते?’ असे विचारावे. या प्रश्नाला लोक विचार करून उत्तर देतात, आणि ते उत्तर बऱ्याचदा अनपेक्षित असते. मी माझ्या धाकट्या जावेला विचारले तेव्हा मला वाटले होते की ती माझ्या हिशेबाचे नाव घेईल. ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही दवाखान्यात असलात की कोणी घाबरत नाही.” हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हते.

एक गुण ढकलतो, दुसरा वळवतो

वही भरली की त्यातले वारंवार दिसणारे चार-पाच गुण निवडावेत, आणि खरे काम इथून पुढे आहे. प्रत्येक गुणासाठी एक पान घेऊन तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हा गुण अति झाला तर कसा दिसतो? तो एकटा असतो तेव्हा कोणती गोष्ट राहून जाते? आणि जेव्हा त्याचे चांगले फळ मिळाले, तेव्हा त्याच्या शेजारी दुसरे कोण होते? ‘अति तेथे माती’ ही म्हण आपण जेवणाला आणि लाडाला लावतो, पण ती सर्वांत जास्त लागू पडते ती चांगल्या गुणांना. धीटपणाचा आगाऊपणा होतो, काटकसरीचा चिक्कूपणा होतो, कुतूहलाचा चोंबडेपणा होतो, आणि भिडस्त माणसाच्या सौजन्याचा तर पायपुसणे होण्यापर्यंत ऱ्हास होतो.

जोडीतला एक गुण आपल्याला पुढे ढकलतो आणि दुसरा त्याला योग्य दिशेला वळवतो. हे सांगण्यासाठी क्रिकेटचे उदाहरण घेते, कारण मुंबईत ते वेगळे समजावून द्यावे लागत नाही. ताडदेवच्या चिखलवाडीत वाढलेल्या सुनील गावसकरांनी १९७१ साली वेस्ट इंडिजमधल्या पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या. एकाग्रता हे त्यांचे बलस्थान सर्वांना माहीत आहे. पण चेंडू सोडून देण्याचा विवेक शेजारी नसता तर तीच एकाग्रता बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट लावत बसली असती. आता त्याच गुणांची दुसरी बाजू पाहावी. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर, पहिल्या विश्वचषकात, इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या आणि उत्तरादाखल गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. एकाग्रता होती, संयम होता, तंत्रही तेच होते. त्या दिवसाला हवे होते ते धाडस मात्र त्यांच्या सोबतीला उभे राहिले नाही. पुढे ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध धावगती वाढवणे भाग होते, तेव्हा त्याच फलंदाजाने ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधले त्यांचे ते एकमेव शतक. जुने गुण त्या दिवशी कुठे गेले नव्हते, त्यांचा जोडीदार बदलला होता. अर्थात जोडी जमली म्हणून यश लिहून मिळत नाही. पाचच दिवसांनी वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात ते चार धावांवर त्रिफळाचीत झाले.

हेच घरगुती पातळीवर कसे दिसते, ते पाहू. आमच्या ओळखीच्या एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवतात. त्यांचा हात सढळ आहे, आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे टिकले ते त्यामुळेच. पण सुरुवातीच्या वर्षी भाजीचा डाव थोडा भरून द्यायचा, वर एक पोळी ‘घ्या हो’ म्हणून द्यायची, असे करता करता महिनाअखेरीला हातात काही उरत नसे. त्यांना सर्वांनी सल्ला दिला की सढळपणा आवरा. तो सल्ला त्यांना जमला नाही, आणि जमला असता तर धंदा बसला असता असे माझे मत आहे. त्यांनी केले ते निराळेच. त्यांचा दुसरा गुण होता पाठांतर. कोणत्या घरात किती माणसे, कोण गोड खात नाही, कोणाचा कधी उपास, हे सगळे त्यांना तोंडपाठ असे. हे सगळे बाई एका वहीत उतरवू लागल्या, आणि जादाची पोळी कोणाला द्यायची हे ठरवून देऊ लागल्या. ज्या घरात पोळ्या उरून फेकल्या जात होत्या तिथल्या कमी झाल्या, आणि एकट्या राहणाऱ्या आजोबांना सणाच्या दिवशी वाटीभर खीर जाऊ लागली. त्यांचा हात आजही सढळच आहे, पण आता त्याला डोळे आहेत.

आपली जोडी शोधताना शक्यतो स्वतःजवळ असलेलाच दुसरा गुण घ्यावा. नसलेला गुण अंगी बाणवायला वर्षे लागतात. असलेला गुण शेजारी आणून बसवायला बहुधा एखादी लहानशी सवय पुरते. बाईंच्या बाबतीत ती सवय म्हणजे दोनशे पानी वही होती. माझ्या बाबतीत ती खुर्ची ओढून बसण्याची होती: उभ्याने चूक सांगायची नाही, एवढाच नियम मी स्वतःला घालून घेतला. बसले की आवाज आपोआप खाली येतो.

घरात आणि सोसायटीत

रोजच्या जगण्यात जोड्यांची परीक्षा पाहायची असेल, तर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेइतकी चांगली जागा नाही. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि त्या सुमाराला पावसाने भिंती ओल्या झालेल्या असल्यामुळे गळतीचा विषय हमखास निघतो. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममुळे खालच्या घराचे छत गळत असते आणि दोन्ही घरांची तोंडे फिरलेली असतात. अशा वेळी केवळ नियमांचा जाणकार असलेला सचिव उपविधी वाचून दाखवतो आणि भांडण वाढवतो. केवळ गोडबोल्या सचिव दोघांनाही ‘बघू’ म्हणतो आणि छत आणखी एक वर्ष गळते. नियम माहीत असलेला आणि वेळेवर एखादा हलका विनोद करता येणारा सचिव मात्र प्लंबरची तारीख त्याच बैठकीत ठरवून घेतो. ज्यांना दोन्ही जमत नाही, त्यांनी एक काम स्वतः करावे आणि दुसऱ्यासाठी खजिनदाराला शेजारी बसवावे. जोडी एकाच माणसात असली पाहिजे असे कुठेही ठरलेले नाही.

आजारपणात हे अधिक गंभीरपणे जाणवते. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढण्यापासून डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि डॉक्टरांसमोर मिळतात ती मोजकी मिनिटे. रुग्णाबरोबर जाणाऱ्याजवळ माया असतेच. पण त्या मिनिटांत तारखेनुसार लावलेली फाइल आणि कागदावर आधीच लिहून आणलेले तीन प्रश्न मायेच्या मदतीला लागतात. ज्या घरात एकाजवळ माया आहे आणि दुसऱ्याजवळ नेटकेपणा, त्या घराने दोघांपैकी ‘जास्त जवळचा कोण’ हा वाद न घालता, जमेल तेव्हा दोघांना मिळून पाठवावे.

अभ्यासात

अभ्यास करणाऱ्यांपैकी बहुतेकांना चिकाटी हे आपले बलस्थान वाटते, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वाया जाणारा गुण तोच आहे. अभ्यासिकेत सकाळी आठला येऊन रात्री नऊला उठणारी मुले मी पाहते; तीच पाने, तीच पिवळी अधोरेखने, तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लहान उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी वाचून झाल्यावर उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. गंमत अशी की आपल्याला चांगले लक्षात राहील याची खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

यातून निघणारी जोडी म्हणजे चिकाटी आणि स्वतःशी प्रामाणिकपणा. पुस्तक मिटून कोरा कागद समोर घेणे अवघड असते, कारण त्यावर आपले अज्ञान आपल्याच अक्षरात दिसते. ज्याला ते सहन होते, त्याची चिकाटी फळाला येते. करायचे एवढेच: एक प्रकरण संपले की पुस्तक बंद करावे, दहा मिनिटे आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरावे, आणि दुसऱ्या वाचनाला फक्त लाल भाग घ्यावा. बदलापूर किंवा कर्जतहून येणाऱ्यांना गाडीत पुस्तक उघडायलाही जागा नसते. त्यांनी उभ्या उभ्या मनात उजळणी करावी आणि अडेल तो शब्द मोबाइलवर टिपून ठेवावा.

कुतूहल असलेल्यांची अडचण उलटी असते. आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास वाचायला घेतला की त्यांना गिरण्यांचा संप लागतो, त्यावरून कापूस, कापसावरून अमेरिकेतले यादवी युद्ध, आणि संध्याकाळपर्यंत अभ्यासक्रमातले एकच पान झालेले असते. हे वाचन फुकट जात नाही. मुलाखतीत हीच मुले रंगतदार बोलतात. पण लेखी परीक्षा ओलांडल्याशिवाय मुलाखत येत नाही. अशांनी कुतूहलाला मर्यादा घालण्याच्या भानगडीत पडू नये, त्याला वेळ नेमून द्यावी. दिवसभरात सुचलेले प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जावेत आणि रात्रीचा अर्धा तास फक्त त्यांना द्यावा. पुष्कळ प्रश्न तोवर आपोआप विझतात. जे उरतात ते खरे.

नोकरीत आणि मुलाखतीत

मुलाखतीत बलस्थान विचारले तर जोडी सांगावी, आणि ती एका प्रसंगातून सांगावी. ‘मी व्यवस्थित आहे’ याऐवजी, महाविद्यालयाच्या महोत्सवात पावती-पुस्तके आपल्याकडे होती, दोन पुस्तके हरवली, तेव्हा आपण उरलेल्या पावत्यांवरून हरवलेले क्रमांक काढले आणि वर्गावर्गांत जाऊन, कोणावर आळ न घेता, ती परत मिळवली, असे सांगावे. ऐकणाऱ्याला व्यवस्थितपणाही दिसतो आणि माणसे सांभाळण्याची हातोटीही दिसते. पुढचा प्रश्न बहुधा दोषांबद्दल असतो, आणि ‘मी फारच परिश्रम करते, हाच माझा दोष’ हे उत्तर आता कोणीही गंभीरपणे घेत नाही. ज्यांनी वहीत ‘अति झाले तर’ हे पान लिहिले आहे, त्यांना खरे उत्तर शोधावे लागत नाही: बलस्थान अति झाल्यावर काय होते ते सांगावे आणि ते आवरण्यासाठी आपण कोणती सवय लावली आहे ते सांगावे.

नोकरी लागल्यावर आणखी एक सोय आहे, व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९९९ साली सुचवलेली. मोठा निर्णय घेताना, त्यातून काय होईल असे आपल्याला वाटते ते लिहून ठेवावे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष घडलेल्याशी ताडून पाहावे. मी बँकेतली शेवटची काही वर्षे हे केले. कर्जदार व्यवसाय चालवेल की नाही याबद्दलचे माझे अंदाज बरे निघाले. कोणता सहकारी बदलीनंतर खूश राहील याबद्दलचे जवळजवळ सगळे चुकले. त्यानंतर बदल्यांबद्दल मत देण्याआधी मी दुसऱ्या कोणाला तरी विचारू लागले.

दुसऱ्याचा गुण असा मागून घेणे यात कमीपणा मानू नये. मुंबईत त्याचे एक फार मोठे उदाहरण घडून गेले आहे. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांजवळ स्वयंपाकाचा उरक होता, काटकसर होती आणि माणसांवर विश्वास टाकण्याची तयारी होती. कामगार पगार झाल्यावर पैसे देत, तोवर किराणा उधारीवर आणि चढ्या व्याजाच्या कर्जावर भरावा लागे. एवढे गुण असूनही त्या कर्जातून वर येत नव्हत्या, कारण प्रत्येकीची काटकसर तिच्या चुलीपुरती होती. कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना एकत्र आणून राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचवले. पुरवांनी त्यांना स्वयंपाक शिकवला नाही आणि काटकसरही शिकवली नाही. त्यांनी आणली ती संघटना, जी त्या बायकांजवळ नव्हती. बँकेच्या बाजूने पाहिलेली व्यक्ती म्हणून मी एवढे सांगू शकते की कर्ज देणाऱ्याला तारण दिसते, विश्वासूपणा दिसत नाही. तो दिसेल अशा रूपात मांडणारे कोणीतरी लागते.

आपल्या कार्यालयातही हीच दृष्टी ठेवावी. नव्या कल्पना सुचणाऱ्याने, त्या कल्पना शेवटास नेणारा कोण आहे हे हेरून त्याच्याशी मैत्री करावी. काम चोख करूनही वरिष्ठांच्या नजरेत न येणाऱ्याने, चार ओळींत नीट लिहिता येणाऱ्याची मदत घेऊन दर महिन्याला कामाचा छोटा अहवाल पाठवावा. मोबदला म्हणून त्या व्यक्तीचे असे काम करून द्यावे जे आपल्याला सोपे आहे. नाहीतर थोड्या दिवसांत ती मदत उपकार होते आणि मग संपते.

जोडी मोडते तेव्हा

दमलेल्या माणसाची जोडी प्रथम मोडते, आणि मोडते ती नेहमी एकाच बाजूने: ढकलणारा गुण टिकतो, वळवणारा जातो. तीन तास प्रवास करून घरी पोहोचलेल्या बाईचा कामाचा झपाटा शाबूत असतो, पण मुलाच्या गणिताच्या वहीकडे पाहताना लागणारी सबुरी शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये कुठेतरी गळून गेलेली असते. त्यावर उपाय गुणांचा नाही, वेळापत्रकाचा आहे. ती वही सकाळी पाहावी.

काही ठिकाणी दोष जागेचाही असतो. जिथे वेळेवर पगार होत नाही किंवा रोज अपमान होतो, तिथे आपल्या सहनशीलतेला आणखी कोणता गुण जोडावा हा प्रश्नच चुकीचा आहे; तिथे वहीचा उपयोग अर्ज लिहिण्यासाठी करावा. उणिवांबद्दल मात्र फार हळहळू नये. जी उणीव काम अडवते, उदाहरणार्थ हिशेब अजिबात न जमणे, ती काम चालेल इतकी भरून काढावी आणि थांबावे.

तीन आठवड्यांनी वही भरली, जोड्या लिहून झाल्या, की एक जोडी आणि तिची एकच लहान सवय निवडून तीन महिने चालवावी. एका वेळी चार सवयी धरल्या तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी अवस्था होते. तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडून पहिल्या आठवड्यातला एक फसलेला प्रसंग वाचावा आणि तसाच प्रसंग अलीकडे आला होता का, आला असल्यास काय झाले, ते त्याच पानावर खाली लिहावे. ती तारीख आजच कालनिर्णयवर गोल करून ठेवावी, आणि त्या दिवशी लोकलचा मेगाब्लॉक असला तर फारच उत्तम, कारण मग कुठे जाता येत नाही.